तुझ्या कॉमिकमधला मसाजवाला आणि त्याचं ‘नको’

आधी प्रश्न थोडक्यात, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशावर बोलतोय. विचारणारी मुलगी बीएल वाचते, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाची जपानी-कोरियन कॉमिक्स, आणि आता स्वतः मराठीत एक काढतेय, मोबाइलवर स्क्रोल करत वाचायचं. गोष्ट मुंबईतली. विकी, वय २४, माण तालुक्यातून आलेला, नालासोपाऱ्यात चौघांबरोबर एका खोलीत राहतो, मसाज बॉय आहे आणि मसाजच्या पुढचंही करतो. अनिकेत, वय ३१, बँकेत ऑफिसर, ठाण्यात स्वतःचा वन बीएचके. पहिल्याच भेटीत विकी ‘नको’ म्हणतो, अनिकेत थांबत नाही, पुढे प्रेम होतं, शेवटी अनिकेत त्याचं कर्ज फेडून त्याला ‘त्या घाणीतून’ बाहेर काढतो. मैत्रीण म्हणाली हे टॉक्सिक आहे, हिचं म्हणणं सगळ्या बीएलमध्ये असंच तर असतं, मग खरं काय असतं ते जाणकाराने सांगावं.

मी मुंबईत गे पुरुषांच्या, आणि स्वतःला गे न म्हणवणाऱ्या पण पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्यांच्याही, आरोग्याच्या कामात आधी फिल्डवर आणि मग काउन्सेलर म्हणून बरीच वर्षं काढली. स्टेशनं, बागा, चौपाटीवरचे तेलमालीशवाले, लॉज, आणि नंतर सगळं ॲपवर गेलं तेव्हा ॲप. स्वतः गे आहे. बीएल वाचायला लागलो ते क्लिनिकला येणारी पोरं मोबाइल पुढे करून ‘दादा, हे असंच असतं का’ विचारायची म्हणून, आता आवडीने वाचतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत, त्यामुळे नाक मुरडणारा काका समजू नकोस. आणि सर वगैरे नको, दादा चालेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बीएलमध्ये एक हिशोब पक्का असतो, पैसा आला की संमती बाटली आणि प्रेम आलं की आधी जे काय झालं ते सगळं माफ. मी ज्यांच्याशी बोललो त्या धंदा करणाऱ्या मुलांच्या आयुष्यात बऱ्याचदा हे उलटं दिसायचं. गिऱ्हाइकाबरोबर काय करायचं, काय नाही, किती वेळ, कुठे, कंडोम लागणारच, हे सगळं तोंडाने बोलून ठरतं, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्याबरोबर मात्र कुणी कुणाला काही विचारत नाही, विचारलं तर समोरच्याला राग येतो. तुझी गोष्ट या फटीत जाऊन बसली तर मजा आहे, नाहीतर ती आपण सगळ्यांनी वाचलेलीच आहे.

आता बीएलमध्ये जबरदस्ती आली कुठून, हे पटकन. १९७० च्या दशकात जपानमध्ये हागिओ मोटो, ताकेमिया केइको अशा तरुण लेखिकांनी मुलींच्या मासिकांत मुलामुलांच्या प्रेमाच्या गोष्टी काढायला सुरुवात केली आणि १९७८ पर्यंत या विषयाला वाहिलेलं वेगळं मासिकसुद्धा निघालं. लिहिणाऱ्या बायका, वाचणाऱ्या मुली. ज्या समाजात स्वतःहून इच्छा दाखवणारी बाई म्हणजे वाईट चालीची, तिथे गोष्टीतून बाईचं शरीर काढून टाकलं आणि वर ‘मी काही केलं नाही, माझ्यावर झालं’ अशी सोय ठेवली की वाचणारीला अपराधी न वाटता मजा घेता येते. मला यात काही फार परकं वाटत नाही, ‘नाही’चा अर्थ ‘हो’ लावून पोरीच्या मागे फिरणारे हिरो आपल्या पडद्यावर किती झाले ते तू मोज. १९९२ मध्ये सातो मासाकी नावाच्या जपानी गे कार्यकर्त्याने एका छोट्या स्त्रीवादी पत्रिकेत चिडून लिहिलं की आमच्या शरीरांवर तुम्ही मजा मारता आणि आमच्या जगण्याशी तुम्हाला घेणंदेणं नाही, त्यावरून लेखिका-वाचकांत जो वाद पेटला तो काही वर्षं चालला. म्हणजे तुझ्या मैत्रिणीने जे म्हटलं ते ३० वर्षांपूर्वी तिकडे होऊन गेलंय.

पण ‘बायका लिहितात म्हणून चुकतं’ असं कुणी म्हटलं तर मी भांडेन. तागामे गेंगोरो हा स्वतः गे असलेला चित्रकार, गे पुरुषांसाठी काढणारा, त्याच्या कॉमिक्समध्ये जेवढी दांडगाई, बांधाबांधी आणि छळ आहे तेवढा बीएलमध्ये शोधूनही सापडणार नाही. आणि त्याच माणसाने २०१४ पासून एक घरगुती मालिका काढली, जुळा भाऊ वारल्यावर त्याचा कॅनडातला नवरा एकल बापाच्या दारात येऊन उभा राहतो अशी, घरातल्या लहान मुलीसकट सगळ्यांनी वाचावी अशी, तिला २०१८ मध्ये आयस्नर, म्हणजे कॉमिक्ससाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कारही मिळाला. त्याला माहीत होतं आपण कुठल्या फळीवर काय ठेवतोय आणि वाचणाऱ्यालाही माहीत होतं. त्यामुळे कॉमिकमध्ये बलात्कार दाखवला म्हणून कॉमिक वाईट, एवढं सोपं नाहीये. ज्याला काळी फँटसी काढायची त्याने काढावी, वर स्पष्ट लिहावं की आत काय आहे. मला खटकतं ते वेगळं, पान ४ वर जबरदस्ती आणि पान ४० वर ‘तो माझ्यावर इतकं प्रेम करत होता की त्याला राहवलं नाही’. इथे फँटसी संपली आणि शिकवणी सुरू झाली. आणि शिकणारा कोण, तर दहावी-बारावीत शरीराबद्दल कुणी एक अक्षर सांगितलं नाही असा पोरगा, ज्याच्याकडे दोन पुरुषांचं प्रेम बघायला दुसरी जागाच नाहीये.

आता तू काढतेस म्हणून कॉमिकच्या कारागिरीबद्दल बोलतो, कारण माझ्या मते खरी गडबड तिथे आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. विचारांचा फुगा. बीएलमध्ये दबणारा जो हिरो असतो त्याच्या तोंडून येतं ‘नको, सोड’ आणि वरच्या ढगाळ फुग्यात असतं ‘पण मला हे का आवडतंय’. वाचणाऱ्याला दोन्ही दिसतं, म्हणून तिला वाटतं अरे याची संमती आहे की. पण समोरच्या हिरोला तो फुगा दिसत नाहीये ना! त्याला फक्त ‘नको’ ऐकू आलंय आणि तरी तो पुढे गेला. म्हणजे पुरावा वाचकाच्या हातात आणि कृती दुसऱ्याची. खऱ्या आयुष्यात कुणाच्या डोक्यावर ढग नसतो, तरी माझ्यासमोर बसून मुलांनी सांगितलंय की दादा तो वरवर नको म्हणत होता, आतून त्याला पाहिजेच होतं. तुला कसं कळलं? कळतं दादा. आपल्याकडे याला अजून एक फोडणी आहे, कोथी-पंथीच्या, म्हणजे जोडीतला एक बायकी आणि दुसरा ‘मर्द’ या भाषेत वाढलेल्या कितीतरी जणांना पक्कं वाटतं की कोथीने लाजून नको म्हणायचं असतं आणि पंथीने ते ऐकायचं नसतं, तो खेळाचा भाग आहे. काही जोड्यांत तो खरंच खेळ असतो, दोघांनी आधी बोलून ठेवलेला. न बोलता खेळलेला खेळ कुणासाठी खेळ होता हे नंतर क्लिनिकमध्ये कळतं.

तर तुझ्यासाठी नियम असा ठेव, एका हिरोने जे काही केलं त्याला आधार म्हणून फक्त तेच वापर जे त्याला दिसलं किंवा ऐकू आलं. विकीच्या मनात काय चाललंय ते फुग्यात खुशाल लिही, पण अनिकेतचा हात त्या फुग्यावर हलता कामा नये.

दुसरी जागा म्हणजे दोन चौकटींमधली मोकळी पट्टी. एका चौकटीत दोघं दारात, पुढच्या चौकटीत सकाळ, मधलं सगळं त्या पट्टीत गडप. संभोग गडप झाला तर माझी हरकत नाही, पण त्याच्याबरोबर विचारणं, थांबणं, ‘एक मिनिट’, कंडोम शोधणं, ल्यूब, हसू येणं, पायात गोळा येणं, हेही गडप होतं, आणि मग पोरांना वाटतं खऱ्या माणसांत हे काही लागतच नाही. त्यामुळे पहिल्या वेळी दुखलं, रक्त आलं, तरी तो थांबला नाही, हे सगळं नॉर्मल समजून गप्प बसलेली मुलं मी बघितलीत. स्क्रोल करायच्या कॉमिकला एक फायदा आहे जो छापील पानाला नाही, तू प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये हवी तेवढी रिकामी जागा सोडू शकतेस. अनिकेत विचारतो ‘चालेल?’, मग वाचणाऱ्याचा अंगठा खाली, खाली, खाली, काहीच नाही, मग विकीचं उत्तर. एवढं टेन्शन कुठल्याच जबरदस्तीच्या सीनमध्ये येत नाही, करून बघ.

आता धंदा. इथे थोडा वेळ घेतो.

बीएलमधला ठरलेला साचा म्हणजे कर्ज, लिलाव, सुटका. ‘ओकाने गा नाई’ नावाची एक गाजलेली मालिका आहे, तिथे नात्यातलाच भाऊ स्वतःचं कर्ज फेडायला हिरोचा लिलाव करतो, एक सावकार त्याला विकत घेतो आणि म्हणतो प्रत्येक वेळचे ५ लाख येन धरू, फेड. आणि ही प्रेमकथा आहे. तुझा अनिकेत अगदी सावकार नाही, पण कर्ज फेडल्यावर विकीचा देणेकरी कोण झाला? आधी बाहेरचा कुणीतरी, आता ज्याच्या बिछान्यात झोपायचं तोच. आगीतून फुफाट्यात. वर त्याने आयुष्यभर कृतज्ञ राहायचं, आणि कृतज्ञ माणसाला मंगळवारी रात्री ‘आज मूड नाही’ म्हणणं फार अवघड जातं.

मी मुंबईत भेटलो त्यातले बहुतेक असे कुणी विकलेले नव्हते. फसवून आणलेले, मारून ठेवलेले असतात, नाही असं नाही, पण तुझ्या विकीसारखा मुलगा बहुधा दिवसा दुसरं काहीतरी करतो, केटरिंग, जिम, डिलिव्हरी, डान्स, सिक्युरिटी, आणि यातून गावी पैसे जातात, बहिणीचं लग्न निघतं, बोअर मारली जाते. तो स्वतःला सेक्सवर्कर म्हणत नाही, ‘कामाला जातोय’, ‘मसाजला जातोय’ म्हणतो. काहींना काम आवडत नाही, काहींना गिऱ्हाइकांतले काही आवडतात, काहींना सोडायचंय पण पुढच्या महिन्यात नाही. हे सगळं एकाच माणसात एकाच आठवड्यात असू शकतं. आणि कामाचं नाव वेगळं असतं. विकी हे त्याचं कामाचं नाव असणार, खरं विकास असेल नाहीतर बाळू असेल. खरं नाव सांगणं ही कपडे काढण्यापेक्षा मोठी गोष्ट आहे या लाइनमध्ये, तू ते पहिल्याच एपिसोडमध्ये उधळून टाकलंस.

पहिली भेट खरी कशी होते बघ, साधारण असं चॅट:

‘प्लेस आहे?’
‘आहे. ठाणे.’
‘एकटा?’
‘हो.’
‘दुसरं कोणी दिसलं तर दारातून परत जाणार. एक तास. जे बोललो तेवढंच. कंडोम माझे. फोटो व्हिडिओ नाही. पैसे आधी.’

याच्यात काय नाहीये? सगळं आलं, काय, कुठे, कुणाबरोबर, किती वेळ, कशाला नकार, आणि कुठल्या गोष्टीने सगळं मोडेल. मी कित्येक लग्न झालेल्या, पाच-पाच वर्षं एकत्र असलेल्या जोड्यांना काउन्सेलिंग केलं, त्यांच्यात यातलं अर्धंही कधी बोललं गेलेलं नसतं. आणि म्हणूनच त्या मुलांना अत्याचार कुठे झाला हे एकदम स्वच्छ कळतं. एक म्हणून बोलावलं आणि आत तिघं निघाले. कंडोम मध्येच काढला. मोबाइल कपाटावर उभा करून ठेवला होता. दोन वेळा दारू पाजायचा प्रयत्न केला. काम झाल्यावर पैसे दिले नाहीत, वर म्हणाला जा पोलिसात. ‘तू तर पैसे घेतोस, तुझ्यावर कसली जबरदस्ती’ हे वाक्य बाहेरचे म्हणतात, त्यांना स्वतःला काय ठरलं होतं आणि काय झालं ते बरोबर माहीत असतं.

पण थांब, मी काही धंद्याचा पोवाडा गात नाहीये. बोलून ठरवता येतं म्हणजे बरोबरीने ठरतं असं नाही. मुंबईत सगळा खेळ जागेचा आहे, ज्याच्याकडे फ्लॅट त्याच्याकडे जोर. ठाण्याहून नालासोपाऱ्याला जायचं तर दादरला उतरून वेस्टर्न पकडावी लागते, बारा वाजून गेले की गाडीचं गणित बसत नाही, आणि गाडी गेली की विकी सकाळपर्यंत त्या घरात अडकला. रिक्षा-कॅबने गेला तर निम्मी कमाई गेली. अशा वेळी अनिकेत प्रेमाने म्हणाला ‘राह ना’, तरी ते आमंत्रण आहे की अडवणूक हे त्याच्या आवाजावर नाही, घड्याळावर ठरतं. नको म्हणणं परवडलं पाहिजे. मी असतो तर प्रत्येक सीन काढण्याआधी एवढंच विचारलं असतं की विकी आत्ता नको म्हणाला तर त्याचं काय काय जाईल. पैसे, झोपायची जागा, उद्याचं काम, की काहीच नाही? काहीच जाणार नसेल आणि तरी तो तिथे राहिला, तर आता तुझी प्रेमकथा सुरू झाली.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण बीएलमध्ये पोलीस एकतर नसतात नाहीतर हिरोच पोलीस असतो. आपल्याकडे प्रौढ माणसाने स्वतःच्या मर्जीने पैसे घेऊन संबंध ठेवणं हा मुळात गुन्हा नाही. १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात, जो आधी फक्त बायका-मुलींपुरता होता आणि १९८६ च्या दुरुस्तीनंतर पुरुषांनाही लागू झाला, त्यात अड्डा चालवणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणं हे गुन्हे आहेत. म्हणजे काम गुन्हा नाही पण काम करायला जे जे लागतं ते बहुतेक गुन्हा. १९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की स्वेच्छेने हे काम करणाऱ्या प्रौढांना धाडीत पकडून त्रास देऊ नका, त्यांनाही सन्मानाने जगायचा हक्क आहे. रस्त्यावरच्या हवालदारापर्यंत ते किती पोचलं हा वेगळा विषय.

आणि दुसरी गोष्ट तर तुझ्या पहिल्या एपिसोडलाच लागू आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला जुन्या दंड संहितेच्या कलम ३७७ मधून, जे ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवायचं, प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले गेले, पण संमतीशिवायचे त्यात राहिले होते, म्हणजे पुरुषावर पुरुषाने केलेल्या अत्याचाराला तेवढं एक कलम होतं. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही, आणि बलात्काराचं कलम पुरुषाने स्त्रीवर केलेल्याच अत्याचाराचं आहे. तर अनिकेतने जे केलं त्यासाठी विकी चौकीत गेलाच तर मारहाण, डांबून ठेवणं, धमकी असं काहीतरी लावावं लागेल, आणि तो मसाज बॉय आहे कळल्यावर तेही लावतील की नाही देव जाणे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. हे माहीत असताना ‘त्याने पोलिसात का नाही सांगितलं’ हा प्रश्न तुझ्या एखाद्या पात्राने विचारला तर त्याला कुणीतरी नीट उत्तर द्यावं असं मला वाटतं. आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या बाबतीत असं झालं असेल तर तक्रार नंतर, आधी सरकारी हॉस्पिटल गाठायचं, एचआयव्ही टाळायची पीईपी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जेवढी लवकर तेवढी बरी. १०९७ ही एड्सची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे विचारता येतं.

एचआयव्हीवरून आठवलं, विकीला शेवटी एड्स होऊन मारायचा विचार असेल तर कृपया नको. सरकारी केंद्रांत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, २००४ पासून मोफत आहे, नियमित गोळ्या घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, तपासणीत सापडेनासा झाला की संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. धंदा केला म्हणजे शेवटी खोकत मेला, हे आता फार शिळं झालं.

ऑनलाइन कामाबद्दल एक ओळ. कोरियातल्या ‘बीजे अलेक्स’ मध्ये हिरो चेहरा झाकून ऑनलाइन शो करतो, तिथे निदान एक बरं आहे की हे काम म्हणजे अंधारी कोठडी नाही, स्वतःच्या अटींवर चालवलेला उद्योग आहे असं दिसतं. मुंबईत आता पैसे घेऊन व्हिडिओ कॉल बरेच चालतात, आणि तिथे मोडणारी गोष्ट म्हणजे स्क्रीन रेकॉर्डिंग. मग ‘एवढे टाक नाहीतर घरच्या ग्रुपवर टाकतो’. ही सरळ खंडणी आहे आणि यात गिऱ्हाईकही तितकंच सापडतं, बँकेतल्या ऑफिसरला ॲपवर बोलावून चौघांनी लुटलं असंही होतं. अनिकेतची भीतीसुद्धा खरी आहे, ती गोष्टीत येऊ दे, त्याला नुसता देखणा दैत्य करून ठेवलायस.

आता प्रेम, म्हणजे ज्यासाठी आपण सगळे वाचतो ते. समजा तीनचार महिने झाले, विकी आता पैसे घेत नाही, विकास झालाय. इथे बीएल संपतं, आणि मी जिथे बसायचो तिथली गोष्ट इथे सुरू व्हायची. सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य सांगू? ‘माझ्याबरोबर कंडोम कशाला, मी काय कस्टमर आहे का?’ धंद्यावर एकही वेळ कंडोम न चुकवणारा मुलगा घरच्या माणसाबरोबर वापरत नाही, कारण तेवढंच एक त्याच्याकडे असतं हे दाखवायला की तू वेगळा आहेस. समोरचा ते मागतो तेव्हा प्रेमाने मागतो, रुसून मागतो, आणि नाही म्हणणाऱ्याने प्रेमालाच नाही म्हटल्यासारखं होतं. तुझ्या जबरदस्तीच्या सीनपेक्षा हा सीन जास्त क्रूर आहे, कुणी आवाजही चढवत नाही त्यात. याच्यावर एक पूर्ण एपिसोड काढ.

मग ‘धंदा सोड’. ठीक आहे, सोडला. पुढच्या पाच तारखेला गावी पैसे कोण पाठवणार? अनिकेत पाठवणार असेल तर तो मोबाइल तपासायला लागेल, मी असं पुष्कळदा बघितलंय, वाईट माणसं नव्हती ती. त्यापेक्षा विकीने काही दिवस काम चालू ठेवलं आणि अनिकेतला ते पचत नाही, तरी दोघं बसून ठरवतात की कुठल्या दिवशी, कुठपर्यंत, काय सांगायचं, काय नाही सांगायचं, तर ते वाचायला मला आवडेल. पहिल्या चॅटमध्ये विकीला जे जमत होतं ते आता अनिकेतला शिकायचंय, एवढं उलटं फिरवलंस तरी गोष्ट उभी राहते. योशिनागा फुमी हिची २००७ पासूनची मालिका बघ, काटकसरी वकील आणि हेअरड्रेसर, आयुष्याच्या मध्यावर आलेली जोडी, पानंच्या पानं नुसता स्वयंपाक आणि किराण्याचे भाव. बेडरूम जवळजवळ नाहीच, तरी कोण कुणाला कशाला हो म्हणतोय, बाहेर ओळख सांगायची की नाही, आईबापांना काय सांगायचं, हे सगळं त्या जेवणाच्या टेबलावर ठरतं.

आईबापांवरून, तुझ्या गोष्टीत बाई एकच आहे, अनिकेतला फसवणारी एक्स. बीएलची ही जुनी खोड, बाई म्हणजे एकतर खलनायिका नाहीतर टाळ्या वाजवणारी मैत्रीण. ३१ वर्षांचा, बँकेत, ठाण्यात स्वतःचा फ्लॅट, अगं त्याची आई गप्प बसेल का? तिने त्याचा लग्नाचा बायोडेटा छापूनही घेतला असेल. १७ ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे अनिकेतला आईपुढे दुसरं काही ठेवताही येत नाही. असे कितीतरी अनिकेत शेवटी लग्न करतात, आणि मग ज्या मुलीला काहीच माहीत नाही तिच्या संमतीचं काय, हा प्रश्न बीएल कधीच विचारत नाही. तू विचारू शकतेस. आणि सोसायटीचा वॉचमन पाहिजेच, विकी रजिस्टरमध्ये काय लिहितो? पहिल्या दिवशी ‘कुरियर’, मग ‘मित्र’, आणि सहा महिन्यांनी वॉचमन न विचारता गेट उघडतो आणि तेवढ्यानेच अनिकेतला घाम फुटतो.

शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. पात्रं १८ च्या वरची आहेत हे नुसतं लिहून ठेवू नकोस, दिसू दे, चेहरे, दाढी, थकलेले डोळे. बीएलमधल्या त्या कोवळ्या शाळकरी चेहऱ्यांची नक्कल इथे करू नकोस, आयटी कायद्याचं ६७बी कलम मुलांना लैंगिक रूपात दाखवणाऱ्या चित्रांनाही लागतं, आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. मोठ्यांचं असलं तरी उघडंवाघडं ऑनलाइन टाकणं ६७ए मध्ये येऊ शकतं, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. म्हणून काहीतरी कापावं लागणारच, तर कृती काप आणि बोलणं ठेव, बीएल नेमकं याच्या उलट करतं.

आणि छापण्याआधी हे काम करणाऱ्या किंवा केलेल्या एखाद्याला दाखव. थेट ॲपवर जाऊन कुणाला ‘तुझी स्टोरी सांग ना’ असं विचारू नकोस, त्यांना त्या प्रश्नाचा वैताग आहे. मुंबईत या क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्यामार्फत विचार, पानं समोर ठेव आणि एवढंच विचार की यातलं खोटं काय वाटतंय. दोन तास बसवणार असशील तर दोन तासांचे पैसे आधी सांग, नाव टाकायचं की नाही तेही त्यालाच ठरवू दे, आणि तो मध्येच उठून गेला तरी ठरलेले पूर्ण दे.